शनिवारचा पहिला प्रश्न

तुमच्या शहरातल्या विद्यापीठात, प्रवेश न घेता, नुसतं ऐकायला म्हणून तुम्ही शेवटचे कधी बसलात?

माझे वडील दर शनिवारी बसायचे. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार. घरात पुस्तकं कमी, चळवळीची पत्रकं फार; त्यांवरच मी वाचायला शिकले. पुढे तत्त्वज्ञान विभागात एम.ए.ला गेले, तेव्हा तिथला शनिवारचा वर्ग सगळ्यांना खुला असतो हे मीच त्यांना सांगितलं. त्या वर्गाचा एक रिवाज होता : व्याख्यान संपलं की पहिला प्रश्न हजेरीपटावर नाव नसलेल्या माणसानं विचारायचा. वडील आठवडाभर प्रश्न घोळवत, जेवताना आईला ऐकवत. आई म्हणायची, "आधी वरण संपवा, मग न्याय-अन्याय."

मग आयटी कंपन्या आल्या आणि विद्यापीठाची भाषा बदलली. आता विद्यार्थी 'उद्योगासाठी तयार' करायचे होते.

एका शनिवारी आम्ही दोघं पोचलो, तर सभागृहापासून फाटकापर्यंत रांग. कडक इस्त्रीचे शर्ट, हातात फायली. वडिलांचा चेहरा उजळला. "बघ! म्हणत नव्हतो, पोरं ऐकायला येतील?" मी काही बोलायच्या आत ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

पुढच्या मुलानं वळून पाहिलं. "काय काका, तुम्हीपण फ्रेशर?"

रांग हसली. वडीलही हसले, कारण त्यांना कळलं नव्हतं. ही एका आयटी कंपनीच्या नोकरभरतीच्या लेखी परीक्षेची रांग आहे, हे मला सांगावं लागलं.

आमच्या प्राध्यापक बाई पायरीवर उभ्या होत्या. "हॉल आता दर शनिवारी त्यांचा. आपला वर्ग बंद," त्या म्हणाल्या. "विचार करून नोकरी लागत नाही, असं वरून कळवलंय."

"दुसरी एखादी खोली, बाई?" वडिलांनी विचारलं.

"खोल्या खूप आहेत हो. परवानगी नाही."

परतताना बसमध्ये मी विचारलं, "बाबा, आजचा प्रश्न काय होता?"

"राहू दे. आता कुणाला विचारायचा?"

त्या फाटकातून ते पुन्हा आत गेले नाहीत. जेवताना आई मुद्दाम काहीबाही विचारायची. ते मुकाट्यानं वरण संपवायचे.

रांगेतल्या मुलांवर माझा राग नाही. नोकरी आमच्याही घराला हवी होती. नोकरी हवी तर प्रश्न सोडा, असा सौदा ज्यांनी परस्पर ठरवला, त्यांच्यावर आहे, आणि तो जाणार नाही.

या शनिवारी जवळच्या विद्यापीठात जा. एखाद्या वर्गाचं दार लोटा, मागच्या बाकावर बसा. आणि व्याख्यान संपलं, की पहिला हात तुम्ही वर करा.