आबांची गोळी आणि माझी पूड

माझ्या आजोबांचा जीव मी घेतला का, हे मला अजून कळंना.

आज आबांना जाऊन वर्ष झालं. मी इकडं गुजरातेत मोरबीत, टाइल्सच्या भट्टीवर. सुट्टी मागितलीच न्हाई. घरी जायचं भ्याव वाटतं.

आबांना कंपवात होता. परभणीच्या डॉक्टरची गोळी चालू होती.
पण आबांचा भरवसा खाजकुहिलीच्या बियांवर.

निजामाच्या राज्यात त्यांच्या वडलांचाही हात असाच कापायचा. पेरताना तिफणीच्या चाड्यावर मूठ धरता येईना. बी कुठं दाट, कुठं पातळ. एका हकीमानं ह्या बिया दुधात उकडून, साल काढून, वाटून दिल्या.
पुढच्या पेरणीला मूठ सरळ!

"तवा कुठं व्हती रं तुमची गोळी?" आबा म्हणायचे.

संक्रांतीला गावी झरीला गेलो, तवा ओढ्याकाठच्या शेंगा मीच तोडल्या. अंगाला गोणपाट, हाताला शेण. तरी दोन दिवस खाजवत होतो.
आबा हसून बेजार. "लेका, वानरावानी दिसायलास!"

पूड करून आईला दिली. म्हणलं, "गोळी पण दे, ही पण दे. लवकर गुण येईल. डॉक्टरला अन् दादांना सांगू नको, वरडतील." दादा म्हणजे माझे वडील.

चार दिवस हात खरंच थांबला. आबांनी व्हिडिओ कॉलवर चहाची बशी धरून दाखवली. मी इथं भट्टीवर नाचलो.

पाचव्या दिवशी आबांचाच फोन.
"ज्वारीत लप रं! निजामाचे घोडेवाले आलेत!"
"कुठं आबा?"
"हे काय, अंगणात!"

आईनं फोन घेतला. "अंगणात कुणीच न्हाई रे. मला लय भ्याव वाटायलंय."

मी म्हणलं, म्हातारपण हाय. पूड चालू ठेव.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आबा लपायला शेतात पळाले. बांधावरून पडले. डोक्याला मार लागला.
उठले न्हाईत.

आईनं पुडीचा डबा दाखवला, तवा डॉक्टर म्हणले, गोळीत जे औषध तेच ह्या बीत. गोळीचं माप ठरलेलं. तुमच्या चमच्यात किती गेलं, कुणाला माहीत? जास्त झालं की नसलेली माणसं दिसतात. त्यानंच झालं का, पक्कं सांगता येत न्हाई.

वर्षभर घरात सगळे आईलाच बोलतात, तू लपवलंस म्हणून.
आईनं माझं नाव काढलं न्हाई.

काल दादांचा फोन. "माझा बी अंगठा हलायलाय. आबांचा हात थांबला व्हता की. त्या बिया गावतील का रं?"

मी फोन कापला, अन् आज हे लिहायला बसलो.

दादा, लपव म्हणणारा मी होतो. आईला बोलू नका. अन् काय बी घ्यायच्या आधी डॉक्टरला सगळं सांगा. सगळं.

आबा, तुमाला रडत रडत रामराम.