अंगठ्याजवळचा खड्डा

मला चुका काढायची मेली सवय आहे. नोकरीच तशी. एका कार्यालयात अर्ज तपासते. कुणाची सही राहिली, कुणी रकाना चुकवला, लाल पेनाने गोल करायचा आणि अर्ज परत. हीच सवय घेऊन मी चित्रकलेच्या वर्गाला गेले, आणि माझ्या नवऱ्याचा डावा हात डोळ्यांदेखत निकामी होत होता तेव्हा त्याच्यावर शेरे लिहीत बसले.

वर्ग सातपूरला, आमच्याच कॉलनीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत. दर रविवारी सकाळी. आम्ही दहा-बारा जण, सगळे पन्नाशीच्या आसपासचे आणि सगळे कच्चे. शिकवणारे सर शाळेतून निवृत्त झालेले. आमचे हे कंपनीत लेथ मशीनवर कामाला. सुट्टीला नुसते मोबाइल बघत लोळतात म्हणून मीच त्यांना ओढत नेलं होतं.

सरांचा गृहपाठ एकच. आठवडाभर रोज आपला डावा हात काढायचा आणि रविवारी त्यातला एक कागद आणायचा. नाव घालायचं नाही. सर सगळे कागद मिसळून सतरंजीवर मांडायचे. मग आम्ही फिरायचं आणि प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने एक शेरा लिहायचा. "चित्र बघा, माणूस बघू नका," सर म्हणायचे. कुणाचं मन दुखू नये म्हणून ही सगळी व्यवस्था. जाताना ज्याचा कागद त्याने गुपचूप उचलून न्यायचा.

सराव हे कंपनीतच जेवणाच्या सुट्टीत उरकायचे. घरी वही उघडायचे नाहीत. माझ्या जिभेला हाड नाही हे पंचवीस वर्षांत त्यांना पुरतं ठाऊक झालेलं.

पावसाळा संपता संपता एक कागद माझ्या नजरेत भरला. नखं, शिरा, सुरकुत्या, सगळं मन लावून काढलेलं. पण हाताच्या पाठीवर, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे, चक्क खड्डा. मी मागे लिहिलं, 'इथे मांस असतं. खड्डा कसला? स्वतःच्या हाताकडे नीट बघा.' लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या खेपेला तोच खड्डा, जरा जास्त खोल. मी लिहिलं, 'पुन्हा तेच!' बाकीच्यांनीही माझी री ओढली. सावली जास्त झाली, अंगठा मोडल्यासारखा दिसतो, असं काय काय. दिवाळीनंतर त्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळायला लागली. तेव्हा मी लिहिलं, 'हात काढा, कोंबडीचा पाय नको.' सरांनी तो शेरा मोठ्याने वाचला आणि अख्खी खोली हसली. माझ्या शेजारी बसलेले हेही हसले. ते हसू आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

घरी त्याच दिवसांत यांच्या हातून पाण्याचा तांब्या निसटला. मग किल्ल्या पडल्या. शर्टाचं बटण लावायला आरशासमोर पाच-पाच मिनिटं. "अहो, लक्ष कुठंय तुमचं?" मी ओरडायचे. एकदा म्हणाले, "अगं, ही दोन बोटं बधिर वाटतात." मी भाजी चिरत होते. मान वर न करताच मी म्हणाले, "मोबाइल कमी बघा." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

संक्रांतीच्या सुमाराला कागदावरचा तो हात एकदम सुधारला. खड्डा गेला, बोटं सरळ झाली, अंगठ्याजवळ छान भरीव उभार आला. मला वाटलं, जमलं गड्याला! मी मागे भरभरून कौतुक लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला शाबासकी दिली असेन.

दोनच दिवसांनी आम्ही मोटारसायकलवरून बाजारात निघालो होतो. सातपूरच्या सिग्नलला गाडी थांबलेली, यांनी डाव्या हाताने क्लच दाबून धरलेला. दिवा लाल होता, आणि गाडीने अचानक पुढे उडी घेतली. समोरच्या ट्रकच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर बंद पडली. मी तोंड उघडलंच होतं ओरडायला, पण हे मागे वळून म्हणाले, "क्लच सुटला. बोटांत जोरच राहिला नाही."

गाडी बाजूला घेतली. मी त्यांचा हात हातात धरला. उन्हात तो खड्डा लख्ख दिसला. शेवटची दोन बोटं आत वळलेली. हा हात मी ओळखत होते, पण कागदावरून. रोज ताटाशेजारी टेकलेला हाच हात मी एकदाही बघितला नव्हता. फुटले होते का माझे डोळे?

नसांच्या डॉक्टरांनी तपासलं. मशीनच्या कडेवर वर्षानुवर्षं कोपर टेकून नस दबली होती. "कधीपासून आहे हे?" त्यांनी विचारलं. यांनी पिशवीतून कागद काढले आणि टेबलावर ओळीने मांडले. सगळे जपून ठेवले होते. डॉक्टर वाकून एकेक बघत गेले.

"किती बरोबर काढलंय हो," ते म्हणाले. "या पहिल्या दोन कागदांच्या वेळी आला असतात तर हात पुष्कळ वाचला असता. आता ऑपरेशन करू. आहे ते टिकवायचं बघू. गेलेलं परत येईल असं सांगत नाही. लेथचं काम मात्र विसरा."

मला राहवलं नाही. "अहो, मागचं अक्षर माझं आहे हे तुम्हाला कळत नव्हतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं," हे म्हणाले. "तू इतक्या खात्रीने लिहायचीस. मला वाटलं, मलाच नीट दिसत नाही."

डॉक्टरांनी शेवटचा कागद उचलला. भरीव, सरळ बोटांचा. "पण हा तर चांगला आहे. हा कधीचा?"

"तो हिचा हात आहे," हे म्हणाले. "ही वाटाणे सोलत बसली होती तेव्हा हिच्या नकळत बघून काढला."

डॉक्टरांनी कागद उलटा केला. मागे माझं अक्षर होतं, ठसठशीत, खाली दोन रेघा मारलेलं. 'शाबास! आता बघायला शिकलात.'