न वाजणारं चाक

राणीच्या भूमिकेत मी सिंहासनावर बसून यायचे, तेव्हा माझ्याआधी सिंहासनाच्या चाकांची करकर यायची. मग हशा! माझे कितीतरी प्रवेश त्या हशात बुडाले, मंडळी. ती करकर थांबवली वीब्रेनने, आमच्या डेव्हेंटर शहरातल्या नाट्यगृहाच्या सुताराने. न वाजणारं चाक जमलं आणि त्याने नोकरी सोडून कारखाना काढला. कारखाना म्हणजे तो आणि बायको टिनेके.

चाक जमलं त्याच आठवड्यात टिनेकेचा वाढदिवस होता. नेहमीसारख्या खुर्च्या गोलात मांडून, इकडच्या रीतीने सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन करून आम्ही बसलो होतो. वीब्रेनने केकचं टेबल त्या चाकांवर सोडलं. ते एकेकापुढून निमूट फिरलं. टाळ्या! त्या भरात त्याने टेबल उलटं करून चाक उघडून दाखवलं. शेजाऱ्याने काढलेले फोटो गल्लीच्या पत्रकात छापून आले. पेटंटचा अर्ज गेला त्यानंतर.

पेटंट मिळालं. पुढे एका बड्या कंपनीने तेच चाक बाजारात आणलं. वीब्रेन वकीलबाईंकडे गेला, सोबत मी.

"खटल्याचा खर्च तुमच्या कारखान्याएवढा येईल," बाई म्हणाल्या. "शिवाय कंपनीने हे पाठवलंय."

उघडलेल्या चाकाचा फोटो. मागे केक.

"हे तर माझ्या घरातलं!"

"अर्जाआधी चारचौघांना दाखवलंत. कोर्टात गेलात तर पेटंटच रद्द होईल."

"मग पेटंट सोडून देऊ?"

"सोडलंत, तर आज जे पेटंटला बिचकून आहेत तेही नक्कल करतील."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अरे, लढ! मी साक्ष देते."

"काय सांगणार, राणीसाहेब? केक छान होता?"

आमच्या नाटकातल्या लाकडी तलवारीसारखं झालंय ते पेटंट. कमरेला शोभतं, उपसलं की पितळ उघडं. तरी ते चालू ठेवायची दरवर्षी वाढती फी, प्रत्येक देशाची वेगळी, वीब्रेन भरतोच.

नाट्यगृहात आता कंपनीची चाकं आहेत. परवा अख्खा राजवाडा सरकत आला, आवाज नाही. वीब्रेन माझ्या शेजारी कान देऊन बसला होता.

"छान चालतात," एवढंच म्हणाला.

रविवारी टिनेकेचा वाढदिवस झाला. चाकांचं टेबल कोपऱ्यात होतं.

"अहो, ढकला की!" टिनेके म्हणाली.

वीब्रेन केक हातांवर घेऊन एकेकापुढे वाकत निघाला. शेजाऱ्याने सवयीने मोबाइल वर केला. वीब्रेन थबकला, आणि केकसकट भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.