शेवटच्या गाण्यातला आवाज

ल्येर्का आणि मी कारखान्याच्या कँटीनमध्ये एकाच पातेल्यात ढवळायचो, ती इकडून, मी तिकडून. पोलादाचा कारखाना, तीन पाळ्यांची माणसं. घेवड्याची आमटी करायची तर वल्ह्याएवढा डाव लागायचा. राहायलाही एकाच जिन्यावर. मी तिसऱ्या मजल्यावर, ती माझ्या डोक्यावर चौथ्या. तिच्याकडं भांडं पडलं की कुठलं पडलं ते मला खाली कळायचं.

घर तिचं म्हणायचं, पण कारखान्यानं ते दिलं होतं झ्देन्कोला, तिच्या नवऱ्याला, पत्रे लाटण्याच्या विभागातल्या मुकादमाला. आणि त्याची आई, बारित्सामावशी, सुनेच्या आधीपासून तिथं मांडी घालून बसलेली. मावशी खेड्यातली. तिला जगात एकाच गोष्टीचं भय, वाऱ्याच्या झोताचं. दोन खिडक्या एकदम उघड्या दिसल्या की ओरडायची, "आगं लाव ती! मान धरंल माझी! मारतीस का मला?" ल्येर्का लावायची. भर उन्हाळ्यातही त्या घरातली हवा शिळी असायची.

त्र्याऐंशी साली मिर्ता कोवाचेविचनं बँड सोडला. मिर्ता आमच्याच गावची, न्हाव्याची पोरगी. चार बाप्यांच्या बँडमध्ये गायची आणि गावानं तिला डोक्यावर घेतलं होतं. ती त्यांना सोडून एकटी निघाली, स्वतःची पहिली रेकॉर्ड काढली, 'अनवाणी'. गाव बिथरलं.

शनिवारी दुपारी बाराला आमच्या रेडिओवर द्रागो नावाचा निवेदक श्रोत्यांची मतं वाचायचा. मत पाठवायचं तर वर्तमानपत्रातलं कूपन कापायचं, त्यावर नाव, रस्ता, कामाची जागा लिहायची आणि कार्डासोबत टाकायचं. कूपन नसलं तर कार्ड केरात. त्या वसंतात महिनाभर दुसरा विषय नव्हता. पोस्टातल्या एकानं विचारलं, बाई गाते का करवत चालवते? एका शाळकरी पोरीनं लिहिलं, मी आठ वेळा ऐकली, नवव्या वेळी आईनं सुईच काढून घेतली. आमच्या जेवणाच्या रांगेतही तेच.

"बँडशिवाय मिर्ता म्हणजे मिठाशिवायचा घेवडा," भट्टीवरचा इव्हो ताट पुढं करून म्हणायचा.

"मग आज सवय करून घे," ल्येर्का म्हणायची. "मीठ विसरलेय मी."

खरं भांडण पेटलं शेवटच्या गाण्यावरून. त्या गाण्यातली बाई बूट घालते, कोट चढवते, दाराशी येते. गिटार थांबते. मग एक आवाज. टक्. संपलं. अर्धं गाव म्हणे, दार उघडलं, गेली बाई. उरलेलं म्हणे, छे, बाहेर पडून ओढून घेतलं. पैजा लागल्या.

एकदा बटाटे सोलताना ल्येर्का म्हणाली, "दार नाही गं ते, श्टेफा."

"मग काय? नवऱ्यानं थोबाडीत मारली?"

ती हसली नाही. "बूट आहे. काढून परत फळीवर ठेवलाय तिनं. लाकडी फळी, जाड टाच. मला कळतंय ना. मी रोज ठेवते."

"म्हणजे?"

"दुपारी आईंचा डोळा लागला की घालते. दाराशी उभी राहते. मग काढते."

मी बटाटा सोलत राहिले. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलले, "लिही की मग द्रागोला. लिहायला काय जातंय?"

हे मी म्हटलं. विसरायला बघते, जमत नाही.

तिनं लिहिलं. नाव वाचलं जाऊ नये एवढीच तिला काळजी. कूपनच्या पुढच्या बाजूला जागा नव्हती, म्हणून तिनं मागं बारीक अक्षरात लिहिलं, 'कृपया नाव सांगू नये.' पण रेडिओवाले कूपन हरवू नये म्हणून ते कार्डाला डिंकानं चिकटवायचे. तिची विनंती डिंकाखाली गेली.

शनिवारी कँटीनच्या कर्ण्यातून द्रागोनं सगळं वाचलं. नाव, रस्ता, कँटीन. आणि मग, "ही बाई गेलेली नाही. तिनं बूट काढून ठेवला. हा आवाज ज्या घरात रोज होतो, तिथल्या बाईला तो लगेच ओळखू येतो. मिर्तानं तो रेकॉर्डवर घेतला, म्हणून मला ती आवडते."

चमचे थांबले. झ्देन्को खिडकीजवळच्या टेबलावर होता. मागून कुणीतरी ओरडलं, "मुकादम, घरी जाऊन बूट मोजून घ्या हो!" हशा पिकला. झ्देन्कोनं पावाच्या तुकड्यानं ताट पुसलं, तो तुकडा खाल्ला आणि उठून गेला.

त्या संध्याकाळी मी छताकडं कान लावून बसले. आरडाओरडा नाही, मारहाण नाही. एक खुर्ची सरकली, बस. दुसऱ्या दिवशी ल्येर्कानं सांगितलं, "आई सांगत होत्या, मी दुसरं पत्र लिहीत होते. हा दारात बसला होता."

"आणि लिहिलं नसतंस तर?"

"घर त्याचं. पोरगी अडीच वर्षांची. तूच सांग."

पुढच्या शनिवारी द्रागोनं तेही वाचलं. "पहिलं पत्र मी डोकं दुखत असताना लिहिलं. 'अनवाणी' म्हणजे भांड्यांचा खणखणाट आहे. जिला घरात काम आहे तिला असलं ऐकायला फुरसत नसते." कारखान्याच्या साप्ताहिकानं ते चौकटीत छापलं, कारण संपादक झ्देन्कोसोबत पत्ते खेळायचा. पहिलं पत्र हवेत गेलं, दुसरं कागदावर राहिलं.

अडतीस वर्षं झाली त्याला. कारखाना बंद पडला. झ्देन्को गेला. पोरगी डब्लिनला, रविवारी फोन करते. बारित्सामावशी ब्याण्णव वर्षांची, काठीवर चालते, कान अजून मांजरीचे. 'अनवाणी' गेल्या वर्षी नव्यानं निघाली, आणि आता ती ज्याला पहिल्या दिवसापासून आवडत नव्हती असा माणूस गावात शोधून सापडत नाही. पहिली प्रत मीच घेतली म्हणून इव्हो शपथा घेतो. सोबतच्या पुस्तिकेत जुन्या कात्रणांतली श्रोत्यांची मतं आहेत, गंमत म्हणून. सगळ्यात वर ल्येर्काचं ते चौकटीतलं, पूर्ण नावानिशी. पावाच्या दुकानातली पोरगी तिला बघून म्हणते, "काकू, आज खणखणाट नाही का?" ल्येर्काही हसते. पाव घेते, येते.

या शरदात मिर्ता गावात आली. संध्याकाळी सात वाजता सांस्कृतिक भवनात तिचा कार्यक्रम होता. दुपारी ती रेडिओवर बोलली. म्हणाली, "तो आवाज बुटाचा होता. मी कधी कुणाला सांगितलं नाही. पण इथल्या एका बाईनं तेव्हाच ओळखलं होतं म्हणे, पत्र लिहिलं होतं. नाव काही मला कळलं नाही. असेल तर आज या. मला तुम्हाला एकदा बघायचंय."

मी चौथा मजला कसा चढले मला माहीत नाही. ल्येर्कानं आधीच नंबर फिरवला होता. मावशी कोचावर घोंगडीत.

"बुटाचं पत्र माझं होतं," ल्येर्का फोनमध्ये म्हणाली, आणि तिचाच आवाज कोपऱ्यातल्या रेडिओतून परत आला.

"वा! आज असं सांगणाऱ्या तुम्ही नवव्या, काकू," आताचा निवेदक, पोरगेलासा. "नाव?" तिनं सांगितलं. कागद सळसळले. "थांबा, थांबा. अहो, तुम्ही तर खणखणाटवाल्या! पुस्तिकेत आहात की!"

"ते मला लिहायला लावलं होतं."

"असेल, असेल. आता सगळ्यांनाच आवडते हो, काकू."

ल्येर्का वळली. रिसीव्हर मावशीच्या तोंडापुढं धरला. "आई, सांगा त्याला. तुम्ही सांगितलंत, मी लिहिलं. एवढंच."

मावशीनं रिसीव्हरकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मला न्हाई काय आठवत," ती म्हणाली. "आनि श्टेफा, दार उघडं टाकून आलीस. झोत येतोय."

मी रिसीव्हर हिसकावला, "मी होते तेव्हा, मी सांगते," पण पलीकडं फोन ठेवलेला. रेडिओवर गाणं लागलं होतं.

"चुलीत गेला तो," मी म्हटलं. "तिला तोंडानं सांगू. साडेसहाला येते, तयार राहा."

साडेसहाला मी वर गेले. दार बंद होतं. आतून ल्येर्काचा आवाज आला, "दोनच तास, आई."

"जा की. म्या कुटं धरलंय तुला? पडले झडले तर शेजारचं येतील. दार तेवढं घट लाव."

मी बेल वाजवली नाही. म्हटलं, येईल. कोटाची सळसळ ऐकू आली, मग पावलं दारापर्यंत. जिन्यातला दिवा आपला आपण विझला. मी बटण दाबलं. परत विझला. कडीवर तिचा हात असावा, ती एकदा किंचित हलली.

"ल्येर्का, मी आहे."

मग टक्.

गाण्यात तो आवाज एकदाच आहे. मी अंधारात उभी होते, आणि थोड्या वेळानं दुसराही ऐकला.