काकांची खुली फाइल

आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात महानगर नावाची वस्ती आहे; तिथले हे काका रेल्वेतून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या मराठी मंडळाच्या ऑनलाइन फाइलींचे यजमान झाले. एका बोटाने टाइप करतात. फाइलीत कुणाचं नाव उगवलं की कडेला लगेच लिहितात, "या, बसा. चहा झाला?"

यंदा गणपतीतलं मुलांचं नाटक मी लिहिलं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. माझ्या लिखाणाला कुणी हात लावलेला मला खपत नाही. काकांनी मात्र ती फाइल मुलांना बदल करायला खुली करून टाकली. दुपारपर्यंत नाटकातला माझा राजा इथल्या निशातगंज बाजारातल्या भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करू लागला होता.

मी फोन केला. "काका, बंद करा ती फाइल. नाटकाचं वाटोळं झालं!"

"अच्छा? अरे, परवा हीच पोरं म्हणत होती, मराठी नाटक हम नहीं करेंगे. आज राजा कोण होणार यावरून भांडतायत. भांडू दे की!"

मग त्यांनी ती घासाघीस आवाज काढून वाचून दाखवली, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

मलाही हसू आलं. फाइल उघडून मी राजाला आणखी एक वाक्य दिलं, मुद्दाम हिंदीत. तेवढ्यात एका मुलीने शेजारी लिहिलं, "अंकल, राजा गुस्से में तो मराठी ही बोलेगा ना," आणि माझ्या डोळ्यांदेखत माझं वाक्य खोडून स्वतःचं घातलं: "ए, मेथी दे आणि गप्प बस!"