बारानिकोच्या बोटांचा वास

तारावा बेटावरच्या रुग्णालयात बारानिको ड्रेसिंग करायचा. मधुमेहानं सडलेली बोटं आणि टाचा यांतच त्याचा दिवस जायचा. हात हलका होता, हे कबूल करायला हवं. तोंड मात्र जड. जखम पुसता पुसता तो तंबाखूवर असं प्रवचन झोडायचा की पाद्र्यानं मान खाली घालावी. प्रवचन आटोपलं की स्वारी मागच्या दारानं कुंपणाबाहेर. आवारात ओढायला बंदी होती ना! म्हणून परिचारिकांपासून औषधं देणाऱ्यापर्यंत सगळे कुंपणाच्या एक पाऊल पलीकडे, नीरफणसाच्या झाडाखाली उभे. केवड्याच्या सुक्या पातीत काळी तंबाखू वळायची, आणि धूर वाऱ्यासरशी थेट बाळंतिणींच्या खिडकीत. कायदा मात्र पाळलेला.

"दिवसभर लोकांचा पू बघतो आपण," बारानिको म्हणायचा. "एवढं तर हवंच." जणू पू त्याच्याच पायाला झाला होता.

त्याचा चुलतभाऊ उरियाम माडावर चढून नीरा काढायचा. उरियामच्या पायाचं एक बोट काढलं आणि जखम काही भरेना. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "ओढत राहिलास तर पाऊल जाईल." त्याच दिवशी त्यानं तंबाखूचा डबा बायकोच्या हाती दिला. पाऊल गेल्यावर माडावर काय दातांनी चढणार?

रोज सकाळी तो ड्रेसिंगला यायचा. बारानिको वाकला की बोटांचा वास नाकात शिरायचा.

"दादा, हात धू ना."

"धुतलेत की. साबणानं."

"मग हल्ली साबणच ओढतोस वाटतं."

ताटली धरून उभी असलेली परिचारिका नेई रूता फिस्सकन हसली. तीही आत्ताच कुंपणाकडून आली होती, तोंडात पेपरमिंटची गोळी धरून.

"मी येण्याआधी तेवढी ओढत नको जाऊस रे," उरियाम काकुळतीला आला. "वासानं जीव कासावीस होतो."

"मनाचा निग्रह ठेव," बारानिको म्हणाला, आणि त्यानं खिशातली विडी चाचपली.

उरियामचा निग्रह पुढचा पाऊस थांबेपर्यंतच टिकला. पावसाचे दोन दिवस बारानिको कुंपणाबाहेर न जाता ड्रेसिंगच्या खोलीच्या खिडकीशीच ओढत होता. तिसऱ्या दिवशी उरियामनं भरल्या खोलीत हात पुढे केला. "दादा, बुबुसी करतो. खिशातली दे."

खोलीतले सगळे बारानिकोच्या खिशाकडे पाहू लागले. नातेवाइकानं बुबुसी केली, म्हणजे रीतीनं काही मागितलं, की ते आपलं राहत नाही; नाही म्हणणाऱ्याची लाज मानेआबाच्या, म्हणजे गावसभेच्या, छपराखाली नातवंडांपर्यंत चघळली जाते. बारानिकोनं विडी दिली. कुंपणापर्यंत हात धरून नेलं, वाऱ्याला ओंजळ आड धरून पेटवूनही दिली. काय तो सेवाभाव! खिसा रिकामा असता तर मागायला काही उरलंच नसतं, एवढी साधी गोष्ट त्या डोक्यात काही आली नाही. मग रोजचाच शिरस्ता झाला: आधी ड्रेसिंग, मग प्रवचन, मग दोघं भाऊ नीरफणसाखाली.

पाऊल घोट्याच्या वरून कापावं लागलं.

मानेआबात सगळं कूळ चटयांवर बसलं. उरियामच्या सासऱ्यानं विचारलं, "तू तिथे असून हे कसं झालं रे?"

"बुबुसीला नाही म्हणू का मी?" बारानिकोनं छाती पुढे काढली. "तुम्हीच सांगा."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. रीत ती रीत. त्यांच्यातले दोघं तेव्हाही ओढत होते.

"दादाला बोल लावू नका," पट्टी बांधलेला पाय पसरून बसलेला उरियाम म्हणाला. "दादा कधी नाही म्हणत नाही." मग त्यानं हात पुढे केला. "दादा, बुबुसी करतो. माझे माड आता तू चढ. सकाळ-संध्याकाळ. फुलोऱ्याची पोय रोज तासली नाही तर नीरा आटते."

मागे कुणीतरी म्हातारी खुदकन हसली. बारानिकोनं आजूबाजूला पाहिलं. सगळे त्याच्याकडेच पाहत होते. विडी त्याच्या बोटांत तशीच विझली.

आमच्याकडे माडावर चढलेला माणूस गळा काढून गातो, खाली आंघोळ करणाऱ्या बायकांना कळावं म्हणून. उरियामच्या माडावरून खोकलाच ऐकू येतो, तोही शेंड्यावरून नाही. अर्ध्यावर बारानिको खोडाला मिठी मारून लटकलेला असतो, तोंड उघडं, डोळे पांढरे. खाली कुबडी टेकून उरियाम वर बघत बसलेला.

"गा की, दादा!"

वरून नुसती धाप.

"बरं, राहू दे," उरियाम म्हणतो. "मनाचा निग्रह ठेव."