मोतीरामच्या क्लॅरनेटचा दम

नांदुऱ्यात लग्नाची वरात निघाली की लोक नवरदेवाच्या आधी मोतीरामला शोधायचे. एरवी तो बाजारात भाजी विकायचा; पण लगनसराईत बँडचा लाल कोट चढवून त्याने क्लॅरनेट तोंडाला लावली, की म्हाताऱ्यासुद्धा ओट्यावर येऊन उभ्या राहायच्या. पाठवणीच्या वेळी तो एक संथ धून वाजवायचा. तिच्यातला एक सूर एका दमात इतका लांबवायचा, की नवरीची आई रडायची थांबून ऐकत राही.

मग दमा लागला. आधी नुसती छातीत शिट्टी वाजायची. एकदा भर वरातीत तो खालीच बसला. बँडवाल्यांनी दुसरा माणूस घेतला. मोतीरामने कोट परत केला. क्लॅरनेट त्याची स्वतःची होती, ती घरात राहिली. दम्याच्या औषधाचा पंप ओढला की छाती मोकळी व्हायची, पण धाप लागेल या धास्तीनेच तो भराभर, वरवरचा श्वास घ्यायचा आणि आणखी घुसमटायचा.

"वाजवनं गेलं तं गेलं," बायको आशाबाई म्हणायची, "तुम्ही हाये ना!"

तो मान हलवायचा. पण भाजी तोलताना लांबून बँड ऐकू आला, की गिऱ्हाइकाला दोनदा हाक मारावी लागे.

त्याची पुतणी सुचिता खामगावला एका दवाखान्यात नर्स होती. तिथल्या डॉक्टर धम्मशीलाताई बायोफीडबॅकचा, म्हणजे शरीरात काय चाललंय ते पडद्यावर दाखवून ताब्यात आणायला शिकवण्याचा, प्रयोग करून पाहत होत्या. सुचिता काकाला घेऊन गेली. ताईंनी त्याच्या छातीला आणि पोटाला पट्टे बांधले. समोरच्या पडद्यावर एक रेघ अडखळत, उड्या मारत चालू लागली.

"हे काय होय?"

"तुमचा श्वास, काका," सुचिता म्हणाली.

मोतीराम बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "याच्यानं वाजवता येईन का मले?"

"खोटं नाही सांगणार," ताई म्हणाल्या. "दम्यात याचा किती उपयोग होतो, ते अजून पक्कं नाही. पंप, गोळ्या सोडायच्या नाहीत. पण रेघेकडे पाहून श्वास संथ होतो का, पाहू."

तो जितका जोर लावायचा, तितकी रेघ उसळायची. बरेच दिवस असंच चाललं. मग एका दुपारी त्याने पाठवणीची धून मनात धरली आणि फुंकर घालावी तसा श्वास सोडला. रेघ लांब, गोल लाटांनी वाहू लागली.

"काका, पाहा तं!" सुचिता ओरडली. त्याला डोळ्यांतल्या पाण्याने नीट दिसेना.

हिवाळ्यापर्यंत धास्ती पुष्कळ ओसरली. रेल्वेचा पूल तो मध्ये न थांबता चढू लागला. हे पट्ट्यांमुळे, की पंप नेमाने घेतल्यामुळे, ते ताईंनाही सांगता आलं नाही. थोडं वाजवायला मात्र त्यांनी हरकत घेतली नाही.

घरी त्याने क्लॅरनेट पुसली. धून सुरू झाली, तशी आशाबाई हातातलं काम टाकून आली. पहिली ओळ आली, दुसरी आली. लांब सुराशी येताच दम संपला.

"चांगलं वाजवलं की हो!"

"चांगलं होय," तो म्हणाला, "पन तिथलोक नाही पोचलो."

वरातीत तो पुन्हा कधी गेला नाही. घरी मात्र रोज थोडं वाजवतो. तो सूर कधी अर्धा येतो, कधी येतच नाही. परवा गल्लीतून एका नवरीच्या पाठवणीची वरात चालली होती. आशाबाई म्हणाली, "धूळ उडून राह्यली, आत चला." मोतीराम दारातच उभा राहिला.

"थांब ना," तो म्हणाला, "आता बँडवाले पाठवणीचं वाजवतीन."